टेनेक्टेप्लेज अल्टेप्लेजपेक्षा ‘कमी नाही’ हे साठ-साठ रुग्णांत सिद्ध होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूरॉलॉजीत डीएम करणाऱ्या एका डॉक्टरांना थीसिससाठी स्ट्रोकमध्ये टेनेक्टेप्लेज (नवं) आणि अल्टेप्लेज (जुनं) या रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या दोन औषधांची तुलना करायची आहे. प्रत्येक गटात साठ रुग्ण मिळतील. गाइड म्हणतात, पी-व्हॅल्यू (उपचार सारखेच असतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर आली की ‘नॉन-इन्फिरिअर’, म्हणजे ‘कमी नाही’, असं लिहायचं. मार्जिन, म्हणजे नवं औषध जास्तीत जास्त किती वाईट असलेलं चालेल ती मर्यादा, किती धरू, असं त्या डॉक्टरांनी विचारलं आहे. जोडीला दुसरा प्रश्न आहे: अल्टेप्लेज न देता थेट थ्रॉम्बेक्टमी (कॅथेटरने गाठ बाहेर काढणं) करण्याच्या सहा चाचण्यांपैकी दोन ‘नॉन-इन्फिरिअर’ म्हणतात आणि चार तसं म्हणत नाहीत, मग मानायचं कोणाचं?

स्ट्रोकच्या चाचण्यांचे आराखडे आणि त्यांची आकडेवारी हेच माझं काम आहे, आणि हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात. नवा उपचार जुन्यापेक्षा ‘फार वाईट नाही’ असं म्हणायचं असेल, तर तीन गोष्टी आधी ठरलेल्या हव्यात. रुग्णाचं किती नुकसान आपण चालवून घेणार आहोत? त्या बदल्यात त्याला काय मिळणार आहे? आणि ज्याच्याशी तुलना करतोय तो जुना उपचार याच रुग्णांमध्ये खरोखर काम करतो, याला पुरावा काय?

आधी पी-व्हॅल्यूचा विषय संपवू. समजा दोन्ही गटांत साठपैकी २१ रुग्ण, म्हणजे ३५ टक्के, नव्वद दिवसांनी मॉडिफाइड रँकिन स्केलवर (अपंगत्वाची मोजपट्टी: ० म्हणजे लक्षणं नाहीत, ६ म्हणजे मृत्यू) ० किंवा १ वर आले. फरक शून्य, पी-व्हॅल्यू १. पण या शून्याभोवतीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा) साधारण उणे १७ ते अधिक १७ टक्के असा येतो. (फरक म्हणजे इथे आणि पुढेही दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी.) आता हे अल्टेप्लेजच्या स्वतःच्या फायद्याशी ताडून बघा. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात, पहिल्या तीन तासांत अल्टेप्लेज मिळालेल्यांपैकी ३२.९ टक्के रुग्ण जवळपास पूर्ण बरे झाले आणि न मिळालेल्यांपैकी २३.१ टक्के. म्हणजे औषधाचा सगळा फायदा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. तुमचा इंटरव्हल उणे १७ पर्यंत जातो, म्हणून ‘नवं औषध काहीच न देण्यापेक्षाही वाईट आहे’ ही शक्यतासुद्धा तुमचा अभ्यास नाकारू शकत नाही. अशा निकालाला ‘नॉन-इन्फिरिअर’ म्हणता येणार नाही. शिवाय ‘पी मोठी आली की पास’ असा नियम केला, तर जितके कमी रुग्ण घ्याल आणि जितका ढिसाळ अभ्यास कराल, तितकं पास होणं सोपं जाईल. एवढ्या एका कारणासाठीही तो नियम टाकून द्यावा.

आता मार्जिन. ते हवेतून घेता येत नाही, आणि ‘मागच्या पेपरमध्ये १० टक्के होतं म्हणून आम्हीही १०’ हे कारण म्हणून पुरत नाही. मी ते दोन पायऱ्यांनी काढतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतही हीच पद्धत आहे. पहिल्या पायरीला विचारायचं की जुन्या उपचाराचा प्लासिबोवरचा फायदा आपण किती खात्रीने सांगू शकतो. इथे सरासरी आकडा घेत नाहीत, इंटरव्हलचं खालचं टोक घेतात. वरच्याच विश्लेषणात तीन तासांच्या आत ऑड्स रेशो (बरे झालेले भागिले न झालेले, या आकड्याचं दोन गटांतलं गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) १.७५ होता आणि इंटरव्हल १.३५ ते २.२७. खालचं टोक १.३५ धरून २३.१ टक्क्यांवरून हिशेब केला की सुमारे २९ टक्के येतात. म्हणजे खात्रीचा फायदा दहा टक्के नसून सहाच्या आत आहे. दुसऱ्या पायरीला ठरवायचं की या फायद्यातला किती वाटा आपण राखणार. निम्मा राखायचा म्हटलं तर मार्जिन तीन टक्क्यांच्या आसपास येतं.

हाच हिशेब तीन ते साडेचार तासांत आलेल्या रुग्णांसाठी करून पाहा. तिथे ३५.३ विरुद्ध ३०.१ टक्के, ऑड्स रेशो १.२६, इंटरव्हल १.०५ ते १.५१. खालच्या टोकाने फायदा जेमतेम एक टक्का उरतो. त्याचा निम्मा वाटा राखणारी चाचणी करायला देशभरातले रुग्ण गोळा करावे लागतील. ‘साडेचार तासांच्या आतले सगळे’ असा प्रवेशनिकष लिहिताना हे भान ठेवा. तुमच्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण उशिरा येत असतील, तर पाच टक्क्यांचं मार्जिन त्यांच्या बाबतीत अल्टेप्लेजचा सगळा फायदा गमावण्याची परवानगी देतं.

कॅनडातली ‘अ‍ॅक्ट’ चाचणी (२०२२) या कसोटीवर लावून बघणं उपयोगी आहे. टेनेक्टेप्लेज ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो विरुद्ध अल्टेप्लेज, विश्लेषणात १५७७ रुग्ण, मार्जिन ५ टक्के. निकाल ३६.९ विरुद्ध ३४.८ टक्के, फरक अधिक २.१, इंटरव्हल उणे २.६ ते अधिक ६.९. ५ टक्क्यांचं मार्जिन मला सैल वाटतं. पण उणे २.६ हे टोक आपल्या तीन टक्क्यांच्या कडक हिशेबातही बसतं, म्हणून या निकालावर माझा विश्वास आहे. दुसऱ्याची चाचणी वाचताना मी नेहमी असंच करतो. त्यांचं मार्जिन बाजूला ठेवायचं, आपलं मार्जिन काढायचं आणि मग इंटरव्हलचं वाईट टोक कुठे पडतं ते पाहायचं. निकालाच्या वाक्यात ‘नॉन-इन्फिरिअर’ हा शब्द आहे की नाही, याला त्यानंतर फारसं महत्त्व उरत नाही.

आणि बदल्यात काय मिळतं? टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनमध्ये संपतं. अल्टेप्लेजचा दहावा हिस्सा आधी देऊन उरलेलं तासभर पंपाने सोडावं लागतं. तालुक्याच्या गावातून रुग्णाला अँब्युलन्सने मोठ्या शहरात हलवायचं असेल, तर हा फरक खरा आहे. बदल्यात मिळणारी गोष्ट एवढी ठोस असेल तरच थोडं नुकसान पत्करण्याची भाषा करता येते. नव्या उपचारात सोय, खर्च, सुरक्षितता यांपैकी काहीच नसेल, तर नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी करायला नैतिक आधारच राहत नाही.

आता थेट थ्रॉम्बेक्टमीचा वाद, कारण मार्जिनने काय काय होऊ शकतं हे इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. मोठ्या रक्तवाहिनीत गाठ अडकलेली आहे, रुग्ण थ्रॉम्बेक्टमी होणाऱ्या रुग्णालयातच पोचला आहे, तर आधी अल्टेप्लेज द्यायचं की सरळ गाठ काढायला घ्यायची?

पुढच्या आकड्यांत पहिली टक्केवारी थेट गटाची, दुसरी अल्टेप्लेजसह गटाची; टक्के म्हणजे तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेले रुग्ण; आणि ऑड्स रेशो १ च्या वर म्हणजे थेट गट पुढे. चीनमधली ‘डायरेक्ट-एमटी’ (२०२०): ६५६ रुग्ण, कॉमन ऑड्स रेशो (रँकिनच्या सगळ्या पायऱ्या मिळून) १.०७, इंटरव्हल ०.८१ ते १.४०, मार्जिन ०.८. पास, पण केसभर अंतराने. चीनमधलीच ‘डीईव्हीटी’: ९७० रुग्णांची योजना, पण २३४ वरच थांबवली. ५४.३ विरुद्ध ४६.६ टक्के, खालचं टोक उणे ५.१, मार्जिन उणे १०. पास. जपानची ‘स्किप’: २०४ रुग्ण, थेट गटात ५९.४ टक्के आणि अल्टेप्लेजसह ५७.३ टक्के. थेट गट थोडा पुढेच होता, तरी नापास, कारण ऑड्स रेशोचं खालचं टोक ०.६३ आणि मार्जिन ०.७४. युरोपातली ‘एमआर क्लीन-नो आयव्ही’: ५३९ रुग्ण, ऑड्स रेशो ०.८४, इंटरव्हल ०.६२ ते १.१५, मार्जिन ०.८. नापास. ‘स्विफ्ट डायरेक्ट’: ५७ विरुद्ध ६५ टक्के, मार्जिन १२ टक्के असूनही नापास. ‘डायरेक्ट-सेफ’: ५५ विरुद्ध ६१ टक्के, मार्जिन १० टक्के, नापास.

हे सहा इंटरव्हल एकाखाली एक कागदावर काढून बघा. ते एकमेकांवर चढलेले आहेत. या चाचण्या परस्परांच्या विरोधात बोलत नाहीत, त्या एकच अनिश्चित गोष्ट वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजत आहेत. ‘दोन विरुद्ध चार’ अशी मतमोजणी म्हणूनच चुकीची आहे. आणि १२ टक्क्यांचं मार्जिन म्हणजे काय, हे रुग्णाच्या भाषेत म्हणून बघा: ‘शंभरात बाराजण जास्त परावलंबी झाले तरी आम्ही हा उपचार चालवून घेऊ.’ तीन तासांच्या आत अल्टेप्लेजचा सगळा फायदाच शंभरात दहाजणांचा आहे. हे वाक्य रुग्णाच्या मुलासमोर उच्चारायला जड जात असेल, तर ते मार्जिन प्रोटोकॉलमध्येही नको.

या सहा चाचण्यांतल्या २३१३ रुग्णांची माहिती पुढे ‘आयरिस’ गटाने एकत्र केली आणि निकाल २०२३ मध्ये आला. त्यांनी ५ टक्क्यांचं, म्हणजे ऑड्स रेशोच्या भाषेत ०.८२ चं मार्जिन घेतलं. आकडा आला ०.८९, इंटरव्हल ०.७६ ते १.०४. नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही. इथे थोडं थांबायला हवं: ‘सिद्ध झाली नाही’ म्हणजे ‘थेट थ्रॉम्बेक्टमी वाईट ठरली’ असंही नाही, कारण इंटरव्हल १ ला ओलांडतो. पुढे त्याच माहितीतून असं दिसलं की औषध जितकं लवकर, तितका फायदा, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून सुमारे २ तास २० मिनिटांनंतर तो फायदा स्पष्ट दिसत नाही. मग २०२५ मध्ये चीनमधल्या ‘ब्रिज-टीएनके’ने ५५० रुग्णांत वेगळाच प्रश्न विचारला: आधी टेनेक्टेप्लेज देणं सरस आहे का? ५२.९ विरुद्ध ४४.१ टक्के, औषध देणाऱ्या गटाच्या बाजूने. म्हणून माझं मत असं आहे की औषध द्यायला मनाई नसेल आणि रुग्ण वेळेत असेल, तर ते द्यावं.

यात आपल्याकडच्या परिस्थितीचा एक मोठा भाग आहे. त्या सहा चाचण्या थेट थ्रॉम्बेक्टमी केंद्रात आलेल्या रुग्णांवर झाल्या. जिल्हा रुग्णालयात आधी पोचलेला, जिथे कॅथलॅब नाही आणि पुढे दोन-तीन तासांचा रस्ता आहे, असा रुग्ण त्यांत नव्हता. त्याचं औषध रोखण्यासाठी या चाचण्यांचा दाखला देऊ नये. औषधाचा खर्च घरच्यांनी खिशातून द्यायचा असेल तर निर्णय अवघड होतो, हे मी जाणतो. पण तेव्हा ‘शास्त्रानेच नको म्हटलंय’ असं सांगू नका, खर्चाचं कारण खर्च म्हणूनच मांडा.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवलंत तरी पुढचं सोपं जाईल: मार्जिन जुन्या उपचाराच्या खात्रीच्या फायद्यातून काढायचं, आणि निकाल म्हणजे इंटरव्हलचं वाईट टोक त्या मार्जिनच्या कोणत्या बाजूला पडतं ते.

पण हे सगळं बरोबर करूनही फसवणूक होऊ शकते, आणि हा भाग माझ्या मते सर्वांत कमी शिकवला जातो. कोणत्याही दोन उपचारांत फरक दिसू नये अशी चाचणी बांधणं फार सोपं आहे. ज्यांना दोन्हीची गरज नाही असे रुग्ण घ्यायचे. नॉर्वेतली ‘नॉर-टेस्ट’ (२०१७) सरसपणा शोधणारी चाचणी होती: टेनेक्टेप्लेज ०.४ मिलिग्रॅम प्रति किलो, ११०० रुग्ण, निकाल ६४ विरुद्ध ६३ टक्के. पण एनआयएचएसएस स्कोअरचा (स्ट्रोकची तीव्रता; आकडा मोठा तितका स्ट्रोक गंभीर) मध्यांक फक्त ४ होता आणि सतरा-अठरा टक्के लोकांना मुळात स्ट्रोकच नव्हता. सौम्य स्ट्रोक दोन्ही औषधांनी बरा होतो, बऱ्याचदा औषधाविनाही होतो. त्याच गटाने मग मध्यम आणि तीव्र स्ट्रोकमध्ये, त्याच मात्रेने, ‘नॉर-टेस्ट २’ ही नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी घेतली. ती सुमारे दोनशे रुग्णांवरच थांबवावी लागली. चांगला परिणाम ३२ विरुद्ध ५१ टक्के, आणि टेनेक्टेप्लेज गटात मेंदूतला रक्तस्राव व मृत्यू दोन्ही जास्त. पहिल्या चाचणीतल्या ६४-६३ वर विसंबून कुणी ०.४ ची मात्रा सर्रास वापरली असती, तर काय झालं असतं?

याचीच दुसरी बाजू ‘अ‍ॅरॅमिस’मध्ये (२०२३) दिसते. सौम्य, अपंगत्व न आणणाऱ्या स्ट्रोकमध्ये दोन अँटिप्लेटलेट औषधं (अ‍ॅस्पिरिनसारखी, प्लेटलेट्स चिकटू न देणारी) अल्टेप्लेजपेक्षा कमी नाहीत, असा निकाल आला: ९३.८ विरुद्ध ९१.४ टक्के, मार्जिन ४.५. पण या गटात अल्टेप्लेजचा फायदा सिद्धच नव्हता. ‘प्रिझम्स’मध्ये (२०१८) अल्टेप्लेज ७८.२ आणि अ‍ॅस्पिरिन ८१.५ टक्के असं होतं. ज्याचा फायदा माहीत नाही, त्याचा किती वाटा राखला हे कसं सांगणार? ‘अ‍ॅरॅमिस’चा व्यवहारातला अर्थ (अशा रुग्णाला गाठ विरघळवणारं औषध देण्याची घाई नको) मला पटतो. पण तो पटण्यामागे या चाचणीइतकाच ‘प्रिझम्स’चाही आधार आहे.

परिणाम कसा मोजायचा, यावरही निकाल पालटतो. ‘एन्चांटेड’मध्ये (२०१६) ३३१० रुग्ण होते, बहुसंख्य आशियाई, आणि अल्टेप्लेजच्या ०.६ व ०.९ मिलिग्रॅम प्रति किलो मात्रांची तुलना होती. इथे वाईट परिणाम मोजला आहे, म्हणून १ च्या वरचा ऑड्स रेशो कमी मात्रेच्या विरोधात जातो. ‘मृत्यू किंवा अपंगत्व’ असा दोन खणी परिणाम घेतला तेव्हा ऑड्स रेशो १.०९, वरचं टोक १.२५, मार्जिन १.१४, म्हणजे नापास. रँकिन स्केलच्या सातही पायऱ्या वापरल्या तेव्हा १.००, वरचं टोक १.१३, म्हणजे पास. आधी ठरवलेला मुख्य परिणाम पहिला होता, म्हणून निकालही पहिलाच मानायचा. कमी मात्रेत लक्षणं देणारा रक्तस्राव मात्र १.० विरुद्ध २.१ टक्के होता. ज्याला रक्तस्रावाची भीती जास्त आहे अशा रुग्णाशी बोलताना ही माहिती कामाची आहे, पण ‘०.६ ही ०.९ इतकीच चांगली’ असं वाक्य त्यातून निघत नाही.

घटना विरळ असतील तर टक्क्यांतलं मार्जिन जपून वाचा. एट्रियल फिब्रिलेशनमुळे (हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे) स्ट्रोक झालेल्यांना रक्त पातळ करणारी औषधं लवकर सुरू करायची की उशिरा, हे पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘ऑप्टिमास’मध्ये (२०२४) मार्जिन २ टक्के होतं. ऐकायला लहान वाटतं, पण दोन्ही गटांत घटना (पुन्हा स्ट्रोक, मेंदूतला रक्तस्राव वगैरे) फक्त ३.३ टक्के होत्या. ३.३ चे ५.३ होणं म्हणजे धोका दीडपटीहून जास्त. सुदैवाने इंटरव्हलचं वरचं टोक १.२ टक्क्यांवर थांबलं, त्यामुळे निकाल भक्कम आहे.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. सरसपणाच्या चाचणीत ‘ज्या गटात नेमला त्याच गटात मोजा’ हा सावध मार्ग असतो. इथे तसं नाही. रुग्णांनी गट बदलले, मात्रा अर्धवट राहिल्या, पाठपुरावा सुटला की दोन्ही गट एकमेकांसारखे दिसू लागतात आणि नवा उपचार आयताच पास होतो. म्हणून प्रोटोकॉलप्रमाणे उपचार झालेल्यांचं विश्लेषणही करा, आणि दोन्हींचा कल एक असेल तरच ठामपणे बोला. नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाल्यावर त्याच इंटरव्हलवरून सरसपणा तपासायला हरकत नाही. उलट मात्र चालत नाही: सरसपणा सापडला नाही म्हणून नंतर मार्जिन शोधून काढणं.

आता तुमचा थीसिस. ३५ टक्क्यांचा परिणाम, ५ टक्के मार्जिन, एका बाजूने २.५ टक्के अल्फा (चुकून पास होण्याची शक्यता), ८० टक्के पॉवर (खरोखर सारखं असेल तर पास होण्याची शक्यता) आणि दोन्ही औषधं खरोखर सारखी असं धरलं, तर प्रत्येक गटात सुमारे १४३० रुग्ण लागतात. मार्जिन १० केलं तर ३६० च्या आत. ‘नवं औषध ३ टक्के सरसच आहे’ असं गृहीत धरलं तर ५ टक्के मार्जिनलाही ५७० पुरतात. पण ते गृहीतक फसलं तर चाचणीची ताकद ढासळते. साठमध्ये यातलं काहीच बसत नाही. म्हणून शीर्षकातून ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ काढा.

त्याऐवजी साठ-साठ रुग्णांत ज्याचं उत्तर मिळू शकतं तो प्रश्न घ्या. औषध द्यायचा निर्णय झाल्यापासून पूर्ण मात्रा शरीरात जायला लागलेला वेळ, किंवा बाहेरगावाहून आलेल्यांमध्ये पहिल्या रुग्णालयाच्या दारापासून मांडीतून कॅथेटर घालेपर्यंतचा वेळ. टेनेक्टेप्लेजचा फायदा असेल तर तो इथेच असणार, आणि मिनिटांतला फरक एवढ्या रुग्णांत पकडता येतो. रँकिन स्केल आणि रक्तस्राव जरूर नोंदवा, पण त्यांचे फक्त आकडे आणि इंटरव्हल द्या, निष्कर्ष काढू नका. पुढे कुणी एकत्रित विश्लेषण केलं तर तुमचे रुग्ण त्यात मोजले जातील, आणि त्यासाठी नोंदी नीट असणं पुरेसं आहे.

मात्रा आणि उत्पादन स्पष्ट लिहा. ‘अ‍ॅक्ट’मधली मात्रा ०.२५ होती. भारतात पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचं टेनेक्टेप्लेज बरेच जण वापरतात आणि स्ट्रोकसाठी त्याची मंजूर मात्रा ०.२ आहे. तुमच्या वॉर्डात यातलं नेमकं काय आणि किती दिलं जातं, हे लिहिलं नाही तर तुमच्या आकड्यांची तुलना कुठल्याच चाचणीशी करता येणार नाही. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करा आणि मुख्य परिणाम तिथे लिहून टाका. गाइडशी बोलताना साठ-साठ रुग्णांचा तो उणे १७ ते अधिक १७ चा इंटरव्हल एका कागदावर काढून, त्याच रेषेवर अल्टेप्लेजचा दहा टक्क्यांचा फायदा मांडून दाखवा. माझ्या अनुभवात वरिष्ठांना ते चित्र लगेच पटतं.